सोल्डर पेस्ट: किती घ्यावी, कशी पारखावी, कुठे ठेवावी

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. तुम्ही नागपूरला कॉलेजात शिकता आणि तुमचा पहिला एसएमडी बोर्ड (पार्ट्स भोकांत न घालता पृष्ठभागावरच जोडायचे असतात तो) बनून आला आहे. त्यावर ०६०३ या बारीक आकाराचे चाळीसेक रेझिस्टर-कपॅसिटर, ०.५ मिलिमीटर पिचचा (म्हणजे पायांतल्या अंतराचा) एक क्यूएफएन (पाय पोटाखालीच असलेली चपटी चिप) आणि एक यूएसबी सॉकेट आहे. हाताशी हॉट प्लेट आहे. ओळखीच्या एका कारखान्यातून ५०० ग्रॅमची सोल्डर पेस्टची (सोल्डरची भुकटी आणि धातूवरचा ऑक्साइड काढणारा चिकट फ्लक्स यांच्या मिश्रणाची) डबी जवळपास फुकटात मिळतेय, पण तिची मुदत संपायला महिनाच उरलाय. ती घ्यावी का? आणि घेतली तर ठेवायची कुठे, कारण आई फ्रिजला हात लावू देत नाही.

डबी घेऊ नका. ६३/३७ची (हा मिश्रधातू), टाइप ४ (हा भुकटीचा बारीकपणा), नो-क्लीन (फ्लक्स धुवावा न लागणारी) अशी दहा-पंधरा ग्रॅमची ताजी सिरिंज घ्या; कारणं पुढे येतील. ठेवायची ती फ्रिजमध्येच, पण आईंची शंका रास्त आहे, त्यावर पुढे लिहितो.

डबीला नाही का म्हणतो, ते हिशेबानेच बघा. ०६०३ चा पॅड, म्हणजे पार्टचं टोक जिथे जोडायचं तो बोर्डावरचा तांब्याचा तुकडा, साधारण ०.८ बाय ०.९ मिलिमीटरचा असतो. स्टेन्सिल (पॅडांच्या जागी भोकं असलेला पत्रा, त्यातून पेस्ट बोर्डावर भरतात) ०.१२ मिलिमीटर जाडीची धरली, तर एका पॅडवर ०.०९ घन मिलिमीटरच्या आतच पेस्ट बसते. पेस्टची घनता साडेचारच्या आसपास, म्हणजे एका पॅडला ०.४ मिलिग्रॅम. चाळीस पार्ट्सचे ऐंशी पॅड, क्यूएफएनचे पाय, त्याच्या पोटाखालचा मोठा पॅड आणि यूएसबी सॉकेट, सगळं धरून तुमच्या बोर्डाला पन्नास मिलिग्रॅम पेस्ट पुरते. दहा ग्रॅममध्ये कागदावर दोनशे बोर्ड होतात. हाताने टिपके टाकताना दुप्पट-तिप्पट पडते, सुईत राहते, टिश्यूला जाते, तरी काही डझन बोर्ड सहज निघतील. पाचशे ग्रॅम म्हणजे दहा हजार बोर्ड. महिन्याभरात कुठून करणार?

स्टेन्सिल वापरणार असाल तर मात्र हिशेब बदलतो. स्क्वीजीपुढे, म्हणजे पेस्ट ओढायच्या पातीपुढे, पेस्टची पेन्सिलीएवढी जाड वळी गोल फिरत गेली, तरच ती भोकांत नीट भरते. म्हणजे लहान बोर्डालाही पाच-दहा ग्रॅम पेस्ट स्टेन्सिलवर काढावी लागते, आणि त्यातली बहुतेक उरते. ही उरलेली पेस्ट मूळ डबीत कधीही परत टाकायची नाही. छोट्या वेगळ्या डबीत भरा, वर ‘वापरलेली’ असं लिहा आणि एक-दोन दिवसांत संपवा. स्टेन्सिलवर ती हवा खाते, कोरडी होते, आणि तिचा चमचाभर अंश चांगल्या डबीत गेला तरी सगळी डबी संशयाची होते. कॉलेजच्या क्लबात चार-पाच जण स्टेन्सिल वापरत असतील, तर वर्गणी काढून ताजी मोठी डबी घेण्यात अर्थ आहे. एकट्याने नको.

आता खरेदी. दुकानात ‘सोल्डरिंग पेस्ट’ मागितलीत तर बहुतेक ठिकाणी पिवळट, मलमासारख्या फ्लक्सची चपटी डबी हातात ठेवतील. सोल्डरिंग आयर्नने वायर जोडणारे पिढ्यान् पिढ्या तिलाच पेस्ट म्हणतात. त्यात धातू नसतो. तुम्हाला हवी ती राखाडी, जड. उचलली की वजनावरूनच कळतं. पेस्टच्या वजनात साधारण ८८ ते ९० टक्के धातूची भुकटी असते (सुईतून टाकायच्या पेस्टमध्ये थोडी कमी), पण आकारमानाने निम्मा फ्लक्सच असतो. पेस्ट बिघडते म्हणजे मुख्यतः हा फ्लक्स बिघडतो, हे पुढच्या सगळ्या भानगडींचं मूळ.

मिश्रधातू कोणता, यावर वाद घालत बसू नका. ६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं: बरोबर १८३ अंशांना वितळतं, मधल्या अर्धवट लगद्याच्या अवस्थेत अडकत नाही, आणि हॉट प्लेट २०५ ते २१५ अंशांपर्यंत नेली की काम होतं. शिसं नको असेल तर ३ टक्के चांदी आणि ०.५ टक्का तांबं असलेली सॅक ३०५ आहे, पण ती २१७ ते २२० अंशांना वितळते. प्लेट २४० च्या पुढे न्यावी लागते, आणि स्वस्त प्लेटचा मधला भाग व कडा यांत जो फरक असतो तो तिथे छळतो. पहिल्या बोर्डाला ही डोकेदुखी कशाला?

तिसरी, १३८ अंशांची बिस्मथवाली (४२ टक्के कथील, ५८ टक्के बिस्मथ), हल्ली सगळीकडे सुचवली जाते. कमी तापमानात होते, प्लॅस्टिक वितळत नाही, हे खरं. पण बिस्मथचा जोड ठिसूळ असतो. तुमच्या यूएसबी सॉकेटला रोज केबल खुपसणार-उपसणार, तिथे तो तडकू शकतो. दुसरी गोम अशी की पॅडवर किंवा जुन्या पार्टच्या पायांवर आधीचं शिशाचं सोल्डर असेल, तर कथील, शिसं आणि बिस्मथ मिळून ९६ अंशांच्या आसपास वितळणारं मिश्रण जोडात तयार होतं. रेग्युलेटरजवळच्या गरम जागी असा जोड म्हणजे टाइमबॉम्ब. एलईडीच्या पट्ट्या किंवा उष्णता सहन न होणारा एखादा सेन्सर असेल तर जरूर वापरा. पण पुढचा एखादा बोर्ड घरीच १३८ वाल्या पेस्टने करायचा ठरवलात, तर तो मागवतानाच पॅडांवर शिशाऐवजी लेड-फ्री किंवा सोन्याच्या मुलाम्याचं फिनिश सांगा.

टाइप म्हणजे भुकटीच्या गोळ्यांचा आकार. टाइप ३ मध्ये त्या २५ ते ४५ मायक्रॉनच्या, टाइप ४ मध्ये २० ते ३८, टाइप ५ मध्ये १५ ते २५. स्टेन्सिलच्या सगळ्यात अरुंद भोकात पाच गोळ्या शेजारी शेजारी मावल्या पाहिजेत, असा धंद्यातला नियम आहे. तुमच्या क्यूएफएनचा पॅड पाव मिलिमीटर रुंद. टाइप ३ ला २२५ मायक्रॉन लागतात, म्हणजे काठावर पास. टाइप ४ ला १९० पुरतात. टाइप ५ आणखी बारीक, पण भारी पडते आणि लवकर म्हातारी होते: गोळीचा व्यास निम्मा झाला की तेवढ्याच वजनाचा पृष्ठभाग दुप्पट होतो, आणि गंज चढायला तेवढीच जास्त जागा. म्हणून टाइप ४ वर थांबा. सिरिंजला सुई २० ते २२ गेजची लावा. सुईचं भोक सगळ्यात मोठ्या गोळीच्या सात-आठ पट तरी हवं, नाहीतर फ्लक्स बाहेर येतो आणि धातू आतच दाबून बसतो. सुई आट्यांवर फिरवून बसणारी, म्हणजे लुअर लॉकची घ्या. नुसती दाबून बसवलेली सुई पेस्टच्या दाबाने सुटून बोर्डावर पडते, आणि तिच्यामागून पेस्टचा गोळा.

फ्लक्सचा वर्ग लेबलवर आरओएल० किंवा आरओएल१ असा लिहिलेला असतो: रोझिनचा (राळेचा), कमी आक्रमक, शून्य म्हणजे हॅलाइड (फ्लक्स तिखट करणारे क्लोरिन-ब्रोमिनसारखे घटक) जवळपास नाही. नो-क्लीनमध्ये सहसा यांतलाच एक असतो. पाण्याने धुवायची पेस्ट घरी आणू नका. ती दमट हवेत ओलावा ओढते, आणि तिचा उरलेला फ्लक्स लगेच, नीट धुतला नाही तर तांबं खातो.

आता तारखेचं. दुधाच्या पिशवीवर बघतो तशीच पेस्टवर पहिली नजर तारखेवर गेली पाहिजे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत पेस्ट मिळते. पण पुष्कळदा ती काउंटरच्या काचेखाली, ट्यूबलाइटच्या उजेडात, सोल्डरवायरच्या रिळांशेजारी मांडलेली असते. तिथे किती महिने आहे हे दुकानदारालाही आठवत नसतं. मोबाइल रिपेअरिंगसाठी मिळणाऱ्या छोट्या चिनी डब्यांवर १८३ किंवा १३८ असे ठळक आकडे असतात, पण बनवल्याची तारीख कित्येकदा नसतेच. त्या सरसकट वाईट असतात असं नाही. मोबाइलवाले रोज वापरतात, त्यांची डबी चटकन संपते आणि वर जादा फ्लक्सही लावतात, त्यामुळे त्यांचं भागतं. तुमची सिरिंज वर्षभर पडून राहणार आहे, म्हणून तुम्हाला तारीख हवीच. लेबलवर मिश्रधातू, टाइप, लॉट नंबर, बनवल्याची आणि मुदतीची तारीख एवढं नसेल तर ती पेस्ट विसरा. नावाजलेल्या कंपनीची पेस्ट अधिकृत वितरकाकडून मागवली तर थोडे पैसे जास्त जातात, पण तो तारीख विचारल्यावर चिडत नाही.

नेहमीच्या पेस्टची मुदत २ ते १० अंशांत ठेवल्यास बहुधा सहा महिने असते, काहींची वर्षभर. त्या आकड्यामागचं कारण कळलं की साठवणीचे सगळे नियम आपोआप सुटतात. फ्लक्समधली आम्लं तापल्यावर धातूवरचा ऑक्साइड खाण्यासाठी घातलेली असतात, पण डबीतही ती अगदी सावकाश तेच काम करत असतात. भुकटीशी झटापट करून ती खर्ची पडतात, त्यातून धातूचे क्षार बनतात, पेस्ट घट्ट होत जाते. मग प्रत्यक्ष बोर्डावर गरज पडते तेव्हा आम्ल उरलेलं नसतं. रासायनिक क्रियेचा वेग दर दहा अंशांना ढोबळमानाने दुप्पट होतो. ५ अंशांच्या फ्रिजमधून पेस्ट ३५ अंशांच्या खोलीत आली की तिचं वय आठपट वेगाने वाढतं. आणि नागपुरात मे महिन्यात पत्र्याच्या टेम्पोत किती तापतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणूनच पेस्ट कुठल्या ब्रँडची, यापेक्षा ती वाटेत कशी आली हे मी आधी विचारतो. विदर्भात राहणाऱ्यांनी वर्षाची पेस्ट डिसेंबर-जानेवारीत मागवावी, हे माझं ठाम मत. उन्हाळ्यात मागवणं टळतच नसेल तर सोमवारी किंवा मंगळवारी रवाना करायला सांगा, म्हणजे पार्सल शनिवार-रविवार गोदामात शिजत पडणार नाही. मे महिन्यात तसं पडून राहिलेलं एक पार्सल आमच्याकडे आलं होतं. सिरिंजच्या टोकाकडून मधासारखा फ्लक्स झिरपून पाउचमध्ये साचलेला, आणि आत वाळूसारखा घट्ट धातू. पेस्ट नामांकित कंपनीची होती, तारीखही ताजी होती. परदेशातून मागवताना कस्टम्समध्ये किती दिवस जातील याचा भरवसा नसतो, तेही लक्षात ठेवा.

फ्रिजशिवाय चालणाऱ्या पेस्टही निघाल्या आहेत. चिप क्विकच्या काही सिरिंजवर ‘थर्मली स्टेबल’ असं लिहिलेलं असतं. हेंकेलच्या लॉकटाइट जीसी १० बद्दल कंपनीचा दावा २६.५ अंशांना एक वर्ष आणि ४० अंशांना एक महिना असा आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा: इतकी दणकट पेस्टसुद्धा चाळीस अंशांत महिन्याभराचीच. ‘रूम टेंपरेचर’ म्हणजे एसी चालू असलेली खोली. तुमच्या गच्चीवरची खोली नव्हे. तरी वसतिगृहात राहत असाल, फ्रिज नसेलच, तर अशी पेस्ट घेण्याला पर्याय नाही.

आता फ्रिज आणि आई. शिशाची चीज अन्नाशेजारी नको, हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, आणि ‘काही होत नाही गं’ असं म्हणून ते उडवून लावू नका. बंद सिरिंजमधून शिसं हवेत उडत नाही. धोका असतो तो बोटांचा. सिरिंजला बाहेरून लागलेली पेस्ट बोटाला, बोटाची फ्रिजच्या मुठीला, तिथून पोळीला. म्हणून सिरिंज टिश्यूने स्वच्छ पुसायची, झाकण लावायचं, झिपच्या पाउचमध्ये घालायची, आणि ते पाउच घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात. डब्यावर मार्करने मराठीत ठळक लिहा: ‘शिसं आहे, खायचं नाही, उघडू नये’. घरात लहान मूल असेल तर डब्याला कुलूप हवं, आणि तेही जमणार नसेल तर शिशाची पेस्ट घरात आणू नका, सॅक ३०५ च्या त्रासाशी जुळवून घ्या. कॉलेजच्या लॅबमध्ये केमिकलचा फ्रिज असतो. सरांना विचारून तिथे एक कोपरा मिळाला तर सगळ्यांत उत्तम. गाडीत ठेवायचे ते छोटे इलेक्ट्रॉनिक कूलर मात्र घेऊ नका. ते आजूबाजूच्या हवेपेक्षा पंधरा-वीस अंश खाली जातात, म्हणजे मे महिन्यात पंचवीसच्या घरात.

फ्रिजमध्ये दारात ठेवू नका, ते दिवसभर उघडत असतं. बर्फाच्या कप्प्याला लागूनही नको, आणि फ्रीझरमध्ये तर मुळीच नको. गोठल्यावर फ्लक्समधले घटक वेगळे होऊ शकतात आणि मग ढवळूनही पूर्वीसारखी पेस्ट होत नाही. खालचा कप्पा बरा. सिरिंज आडवी न ठेवता टोक खाली करून उभी ठेवा, डब्यात एखादा छोटा पेला बसवून. धातू जड, तो टोकाकडे बसतो, हवेचे बुडबुडे दट्ट्याकडे जातात, आणि पहिल्या दाबाला नुसता फ्लक्स बाहेर येत नाही. दोन-चार तास वीज गेली तर घाबरू नका, बंद फ्रिज तेवढा गारवा धरतो.

बाहेर काढताना बहुतेकांची घाई होते. गार सिरिंजचं झाकण लगेच उघडलं की दमट हवेतलं पाणी थेट पेस्टवर धरतं. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत हे डोळ्यांना दिसतं: सिरिंज टेबलावर ठेवल्या ठेवल्या धुरकट होते आणि पाच मिनिटांत तिच्यावरून थेंब ओघळतात. तेच पाणी पेस्टमध्ये गेलं की प्लेटवर ती तडतडते, आणि पार्ट्सच्या आसपास बारीक गोळ्या उडतात. म्हणून झाकण न उघडता सिरिंज तास-दोन तास, मोठी डबी चार तास, तशीच बाहेर ठेवा, बाहेरचं पाणी पुसा, मगच उघडा. हेअर ड्रायर नको, ऊन नको, प्लेटच्या कडेला टेकवणंही नको. नागपूरची हवा उन्हाळ्यात कोरडी, पण डेझर्ट कूलर लावलेल्या खोलीची नाही. कूलरच्या झोतात पेस्ट टाकायला बसू नका: ओलावाही मिळतो आणि वाऱ्याने सॉल्व्हंटही उडतो, दोन्हीकडून तोटा. अर्धा तास कूलर बंद ठेवा, घाम आला तरी. सगळे बोर्ड एका बैठकीत उरका. रोज आत-बाहेर करण्यापेक्षा ते बरं.

सिरिंज कितीही ताजी असली तरी बोर्डाला लावायच्या आधी एक चाचणी करा. तांबं पूर्ण काढलेला एफआर-४चा (बोर्ड ज्याचे बनतात त्या काचतंतूंच्या पत्र्याचा) तुकडा घ्या. त्यावर ज्वारीच्या दाण्याएवढी पेस्ट ठेवा आणि थंड प्लेटवर ठेवून प्लेट चढवत न्या. दीडशेच्या आसपास ढीग थोडा बसतो आणि कडेने पारदर्शक फ्लक्स सुटतो. १८३ ओलांडलं की चांगली पेस्ट एका क्षणात रंग बदलते: राखाडी मातकट ढीग एका बाजूने चमकायला लागतो, ती चमक पलीकडे धावते आणि सगळा धातू आक्रसून एकच वाटोळा, आरशासारखा थेंब होतो, भोवती स्वच्छ पिवळसर फ्लक्सचं तळं. पेस्ट म्हाताऱ्या वळणावर असेल तर मोठ्या थेंबाभोवती बारीक मण्यांचं कडं राहतं. हे भिंगातून बघा. मोबाइलचा कॅमेरा झूम केला तरी चालेल. चार-दोन मणी असतील तर चालवून घ्या, पण क्यूएफएनखाली नको, तिथे ते दोन पायांत अडकून शॉर्ट करतात. आणि थेंबच होत नसेल, द्राक्षांच्या घोसासारखा खडबडीत ढीगच राहत असेल, तर ती पेस्ट गेली. तापमान वाढवून फायदा नाही, भुकटीवर चढलेला ऑक्साइड खायला आम्लच उरलेलं नसतं. कारखान्यांतही हीच परीक्षा ठरलेल्या पद्धतीने करतात, आयपीसी या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या चाचण्यांत ती आहे.

मुदत उलटली म्हणजे पेस्ट दुसऱ्या दिवशी मेली असं नाही. फ्रिजमध्ये नीट राहिलेली, मुदतीनंतर काही महिने झालेली पेस्ट या चाचणीत पास झाली तर मी प्रोटोटाइपला बिनदिक्कत वापरतो. गिऱ्हाइकाच्या बोर्डाला नाही. थोडी घट्ट झालेली पेस्ट हाताने टिपके टाकायला वापरायची असेल तर त्याच जातीचा जेल फ्लक्स थेंबभर मिसळून प्लॅस्टिकच्या काडीने मिनिटभर हळू ढवळा. आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा थिनर घालून पातळ करण्याचा सल्ला बरेच जण देतात. पेस्ट पातळ होते खरी, पण तापल्यावर ते अल्कोहोल उकळून धातू उडवतं.

शेवटचं कचऱ्याचं. नायट्राइलचे हातमोजे घाला, काम झाल्यावर साबणाने हात धुवा, आणि मधे चहा-बिस्कीट नको. धूर शिशाचा नसतो, फ्लक्सचा असतो, पण रोझिनच्या धुराने दमा होऊ शकतो, तेव्हा खिडकी उघडी हवी. पेस्ट लागलेली स्टेन्सिल किंवा स्क्वीजी बेसिनमध्ये धुऊ नका. आधी टिश्यूने कोरडी पुसा, मग अल्कोहोल लावलेल्या टिश्यूने. हे सगळे टिश्यू, रिकाम्या सुया आणि सिरिंज एका जाड पिशवीत साठवा. मेलेली पेस्ट प्लेटवर वितळवून घट्ट गोळा करा, पसरणाऱ्या भुकटीपेक्षा गोळा सांभाळायला सोपा. पिशवी भरली की ई-कचरा घेणाऱ्याकडे देताना ‘यात शिसं आहे’ असं त्याला स्पष्ट सांगा.